चार सेंटीमीटर

पुस्तिकेत लिहिलंय:
फोन यंत्रापासून चार सेंटीमीटरच्या आत आणावा.
टेकवायची गरज नाही.

हेच पाठ करून बँकेने मला धाडलं
म्हापशाच्या शुक्रवारात,
पिशवीत अकरा यंत्रं, अकरा फॉर्म,
आणि शाईचं पॅड, कारण हेड ऑफिस काहीही म्हणो,
अंगठ्याला शाई लागतेच.

चणेवाल्याने घेतलं.
मिरचीवाल्या शेराफिनने दोन घेतली, एक मुलीच्या नावावर.
केळीवाला म्हणाला, पुढच्या शुक्रवारी.
हे तो गेले तीन शुक्रवार म्हणतोय.

मग सुपांची रांग.
सुपं, रोवळ्या, मासळीच्या पाटल्या,
ओल्या बांबूचा हिरवट वास,
आणि गोणपाटावर दुरपती, कासारवर्ण्याची,
कोयता पायाच्या अंगठ्याखाली दाबून
पट्ट्या तासत बसलेली.

मावशी, हे नवीन आहे, मी म्हटलं.
गिऱ्हाइकाच्या हाताला हात लागत नाही,
पैशाला हात लागत नाही,
लांबूनच जमा होतात.
बँकेचा शब्द मी सोपा करून सांगितला:
स्पर्शाविना.

तिने कोयता बाजूला ठेवला.
"हें आमकां नवें न्हय गो."

मग एक हात उताणा पुढे धरला
आणि दुसऱ्या हाताने वरून,
चांगलं वीतभर वरून,
त्यात एक नाणं सोडलं.
"अशें दिताले."
नाणं तळव्यावरून उडालं, सुपाखाली गेलं.
"आनी आमी अशें सोदतालीं."
आणि ती खरोखरच शोधू लागली,
दोन रुपयांचं होतं, सोडणार थोडीच.

शेजारी कुणीतरी सुंगटांचा भाव पाडत होतं.
मी फॉर्म उघडला. नाव. गाव. खातं.
व्यवसाय: बांबूकाम.
अक्षर नेहमीपेक्षा बारीक आलं.

आमच्या डिचोलीच्या घरी चवथीआधी नवं सूप यायचं.
आत नेण्याआधी आई त्यावर पाणी शिंपडायची.
मला वाटायचं, धूळ बसावी म्हणून.
बरीच वर्षं वाटायचं.
नंतर वाटेनासं झालं, तरी मी विचारलं नाही.

पहिलं गिऱ्हाईक पर्वरीचं, इस्त्रीचा शर्ट,
फ्लॅटच्या भिंतीवर टांगायला त्याला सूप हवं होतं.
उभ्यानेच फोन पुढे केला.
यंत्र दुरपतीच्या मांडीवर.
काही झालं नाही.
"सकयल हाड, बाब."
तो थोडा वाकला.
"आनीक सकयल."
एक गुडघा टेकला त्याने, मग दुसरा,
शर्टाची बाही पाटलीच्या काठाला अडकली,
फोन तिच्या बोटांपर्यंत आला,
तेव्हा कुठे ते टुंक करून वाजलं.
यंत्राने रक्कम मोठ्याने सांगितली.
पुढच्या रांगेतल्या दोघी वळून बघू लागल्या.
दुरपतीने यंत्र कानाशी नेलं,
पुन्हा सांगतं का बघायला.

सांगत नाही, मी म्हटलं, एकदाच सांगतं.
"एकदांच?" ती म्हणाली. "बरें."

निघताना मीही एक सूप घेतलं.
गोणपाटाच्या कडेला उकिडवी बसले,
फोन खाली नेला.
चार सेंटीमीटर म्हणजे किती, ते तिथे कळलं:
तिच्या नखांतली बांबूची कूस दिसते,
तिचा श्वास मनगटावर लागतो.

संध्याकाळी डिचोलीला उतरले.
आई सोप्यावरच होती.
सूप बघून म्हणाली, घट्ट विणलंय, कितीला?
आणि माझ्या उत्तराआधीच
सवयीने तांब्याकडे हात गेला तिचा.

मी सूप छातीशी धरून उभी.
काय बोलायचं ते पाठ केलेलं नव्हतं.
तांब्यातलं पाणी हललं,
एवढंच दिसत होतं
तेवढ्या उजेडात.